आधीच मागितलेली माफी

शिवकन्यामावशींना मागच्या पावसाळ्याच्या शेवटी डेंगू झाला. ताप काही केल्या उतरेना. त्या दिवसांत एकदा मी त्यांच्या उशाशी बसले होते, तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पाळकीणबाई, माझ्या दगडावर 'प्रभूमध्ये निजली' असं लिहू देऊ नका. निस्तं नाव टाका."

"तापात काहीही बोलू नका, मावशी."

"तापात न्हाई बोलत. उगं दगडावर लबाडी नको."

"दगडाची घाई कुणाला आहे? आधी ही पेज संपवा."

"पेज संपविते," त्या म्हणाल्या, "पर तुमी ध्यानात ठिवा."

धारूरला आमची ख्रिस्ती मंडळी लहान. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याचं प्रार्थनागृह आहे आणि त्याला लागून आमचं दोन खोल्यांचं घर. माझे यजमान अजिनाथ इथले पाळक, म्हणून मला सगळे पाळकीणबाई म्हणतात. आमच्यात माणूस गेलं की मातीला सगळी मंडळी जमते, आणि पुढे कधीतरी सवडीनं थडग्यावर दगड बसवतात. दगडावर नाव, जन्म, मरण आणि खाली ती ओळ. आयुष्यभर दारूत बुडालेल्याच्या दगडावरसुद्धा घरचे ती ओळ कोरून घेतात. आपलं माणूस प्रभूपाशी पोचलं, एवढीच त्यात आशा असते आणि त्या आशेला कुणी हरकत घेत नाही. ती ओळ मला नको, असं म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

आणि म्हणत कोण होतं, तर शिवकन्यामावशी. मंडळीत कुणाकडे बाळंतपण असो की मयत, आधी त्यांची चप्पल दारात दिसायची. सीताफळांच्या दिवसांत त्या बसस्टँडवर डाली मांडून बसत, एरवी भाजी विकत. नवरा लवकर गेलेला. मुलगा हनुमान पोलिओमुळे एका पायानं अधू. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान. आम्हा विश्वासी लोकांत हनुमान नाव कसं, असं बाहेरचं कुणी विचारलं तर त्या म्हणत, "नाव आज्ज्यानं ठिवलंय, बाप्तिस्मा नंतर झालाय. नाव बदलून पाय सरळ होनार व्हता का?" सून सायली आणि चार वर्षांची नात करुणा. दृष्ट लागावी असं घर.

पण आम्ही बदलून इथं आल्यापासून एक गोष्ट माझ्या नजरेत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत मोडलेल्या भाकरीचा तुकडा सगळे खातात. त्याची भाकर शिवकन्यामावशीच करतात. शनिवारी संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन गव्हाचं पीठ मळतात, मीठ न घालता लाटतात, भाजतात, स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवतात. रविवारी माझे यजमान ताटली घेऊन सतरंजीवर बसलेल्या एकेकापुढे जातात. मावशींच्या पुढे आले की मावशी हात पुढे करायच्या ऐवजी जोडतात आणि मान खाली घालतात. ताटली पुढे जाते.

ह्यांनी एकदा विचारलंही होतं. "पोट बरं न्हाई, साहेब," असं उत्तर मिळालं.

"दर महिन्याच्या पहिल्याच रविवारी?" ह्यांनी विचारलं.

"माझं पोट लई शिस्तीचं हाय," म्हणाल्या आणि झाडू घेऊन बाहेर गेल्या. ह्यांनी तो विषय तिथेच सोडला. मीही सोडला होता. पण दगडावरच्या ओळीचं बोलणं ऐकलं आणि माझ्या मनात दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या.

ताप उतरला. अंगात अजून शक्ती नव्हती, तरी सीताफळं उतरायला लागली तशा त्या घरात बसेनात. स्टँडपर्यंत जायचं त्राण नाही म्हणून माझ्या ओट्यावर डाली घेऊन बसल्या. पिकलेली वेगळी, डोळे उघडलेली वेगळी, कच्ची पोत्याखाली, असं आमचं चाललं होतं. मी म्हटलं, "मावशी, त्या दगडाचं मी ध्यानात ठेवलंय. पण का ते सांगा."

बराच वेळ त्या फळं दाबून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं तारण न्हाई व्हायचं, बाई. शास्त्रात लिहून ठिवलंय."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्यांच्या धाकट्या दिराची मुलगी रोहिणी. आईबाप दोघंही लहानपणीच गेले, तेव्हा मावशींनीच तिला वाढवलं. ती त्यांना मोठी आई म्हणायची. रोहिणी लग्नाची झाली, हनुमानही झाला. पण पायामुळे हनुमानला कुणी मुलगी देईना. आमच्या लोकांत घरं आधीच थोडी, त्यात विश्वासी घरातलीच मुलगी हवी म्हटल्यावर पाहायचं कुठं? केजकडच्या एका घरानं साटंलोटं सुचवलं, म्हणजे त्यांची सायली हनुमानला द्यायची आणि सायलीचा भाऊ तानाजी ह्याला रोहिणी करायची. एक लग्न झालं तरच दुसरं.

तानाजी ट्रॅक्टर चालवायचा. दिसायला राजबिंडा, गाणी म्हणणारा. मंडळीतले सगळे खूश. एकट्या मावशींना ठाऊक होतं. आदल्या हंगामात त्या एका टोळीबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला गेल्या होत्या. तिथं शेजारच्या कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीत, त्यांनी तानाजीला पाहिलं होतं. कोपीत एक बाई होती, तिच्या कडेवर तानाजीच्याच तोंडवळ्याचं पोर होतं, आणि ती त्याला नवरा म्हणत होती.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत दोघांची नावं पुकारतात. ह्या लग्नाला कुणाची हरकत असेल, काही माहीत असेल, तर आता बोला, असं पाळक विचारतात आणि थोडं थांबतात. तेव्हाच्या पाळकांनी तसं विचारलं. तिन्ही रविवारी ते थांबले, आणि तिन्ही रविवारी मावशी गप्प बसल्या.

"मधल्या रविवारी प्रभुभोजन व्हतं," मावशी म्हणाल्या. "ताटली माझ्याम्होरं आली. मी मनात म्हनले, देवा, मी बोलनार न्हाई. मला ठावं हाय हे पाप हाय. पर माझ्या लंगड्या लेकराचं एवढं होऊ दे. आत्ताच माफी मागून ठिवते. आन् भाकर खाल्ली."

हातातलं सीताफळ त्यांनी खाली ठेवलं.

"चुकून पडलेल्याला देव उचलतो, बाई. मी तर खड्डा बघून, खोली बघून उडी मारली. वर त्यालाच सांगून."

लग्नं लागली. पुढच्या हंगामात तानाजी रोहिणीला घेऊन तोडीला गेला आणि रोहिणीनं ती कोपी, ती बाई, ते पोर सगळं पाहिलं. परत आली ती मोठ्या आईच्या गळ्यात पडून रडली. "मोठे आई, तुला कायच ठावं नव्हतं का गं?" असं तिनं विचारलं. मावशी म्हणाल्या, "मला काय ठावं, बाई." साट्यातलं एक घर मोडलं की दुसरंही मोडायची आमच्याकडे रीत. माणसं बोलायला लागली की सायलीला परत धाडा. तेव्हा रोहिणीच मधे पडली. माझ्यापायी तिचं घर मोडू नका म्हणाली. आणि माजलगावला एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला राहिली, ती परत आलीच नाही.

त्याच सुमाराला संमेलनाला बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. सत्य कळल्यावरही जो मुद्दाम पाप करीत राहतो त्याच्यासाठी दुसरा यज्ञ उरत नाही, असं शास्त्रातलं वचन त्यांनी वाचलं आणि फार कडक समजावून सांगितलं. मावशी मागच्या रांगेत बसल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी भाकर घेतली नाही.

"पश्चात्ताप कर म्हनतात," त्या म्हणाल्या. "कशाचा करू? मी गप बसले म्हनून करुणा जल्मली. ती मांडीवर येऊन बसती, माझ्या कानातलं ओढती. हिला नको व्हती म्हनू का देवाला? आन् तसं म्हनता येत न्हाई, तवर माझा पश्चात्ताप खरा कसा?"

मी एवढंच विचारलं, "मग भाकर का करता दर महिन्याला?"

"करू तरी द्या की. वास तरी येतो."

मी ह्यांना सांगू का, असं विचारून घेतलं. "सांगा. माझ्या तोंडानं न्हाई सांगवायचं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हे स्वतःच ओट्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसले. चष्मा काढून फडक्यानं पुसत बसले; अवघड बोलायचं असलं की त्यांचा हात असाच चालतो. म्हणाले, "मावशी, ते वचन मी खोटं ठरवणार नाही. पण दुसरा यज्ञ उरत नाही, ते ख्रिस्ताचा पहिलाच यज्ञ पुरा झाला म्हणून. त्याच्याकडे पाठ करून दुसरीकडे जाल तर तिथं काही नाही, असं त्यात म्हटलंय. तुम्ही पाठ केली का?"

"पाठ न्हाई केली. तोंड दाखवायची लाज वाटती."

"पाठ फिरवलेलं माणूस भाकरीचा वास घ्यायला शनिवारची वाट बघत नाही."

मावशींनी पदर तोंडाला लावला. ह्यांनी तेवढ्यावर सोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण हे पुढे म्हणाले, "आणि करुणाचा पश्चात्ताप कुणी मागितलाय तुमच्याकडे? लेकरू देवानं दिलं. गप्प बसलात, त्याचा करा. ते पाप जुनं आहे असं तुम्ही धरून चाललाय. पण तुम्ही आजही गप्पच आहात ना?"

मावशींनी डाली उचलून डोक्यावर घेतली, अंगात ताकद नसताना, आणि चालू लागल्या. मी ह्यांच्याकडे रागानं बघितलं. "आजाऱ्याशी असं बोलतात का?"

"मलमपट्टी करून आत पू ठेवू का?" हे म्हणाले.

त्या आठवड्यात मावशी आमच्याकडे फिरकल्या नाहीत. मग एका सकाळी नवं लुगडं नेसून दारात उभ्या. "माजलगावला येता का? मला एकटीला बसमधी मळमळतं."

मला माहीत होतं की त्यांना कधीच मळमळत नाही.

घाट उतरून उसाची शेतं लागली तसं खिडकीतून बघत म्हणाल्या, "रोहिणी माफ करती म्हनली, तर मी समजंन देवानंबी केलं." मला त्यांना सांगायचं होतं की ह्या दोन गोष्टी एक नाहीत. पण सांगितलं नाही. तेवढ्या आशेवर तर त्या बसमध्ये चढल्या होत्या.

वसतिगृहाच्या मागच्या अंगाला स्वयंपाकघर. रोहिणी भाजी निवडत बसली होती. सडपातळ, केस चापून बसवलेले, मनगटावर तेलाचा जुना चट्टा. मावशींना बघून तिचं तोंड उजळलं आणि लगेच सावध झालं.

"मोठे आई? कुनी गेलं का?"

"कुनी न्हाई गेलं. मीच जायची राह्यले."

मावशी उभ्या उभ्याच बोलल्या. कोपी, ती बाई, कडेवरचं पोर, तीन रविवार. काही लपवलं नाही. आधी माफी मागून भाकर खाल्ल्याचंही सांगितलं. रोहिणी मेथीच्या काड्या मोडत राहिली; पानं वेगळी करायची थांबली होती, नुसत्या काड्या मोडत होती.

"मी तुमच्या गळ्यात पडून रडले," ती शेवटी म्हणाली.

"व्हय."

"तुमी माझ्या डोक्यावरून हात फिरीवला."

"व्हय, बाई."

"मंग आता कावून सांगता? तुमाला मरायची भीती वाटली म्हनून? तुमचा जीव हलका व्हावा म्हनून?"

मावशींनी मान हलवली. "त्यासाठीच आले. खोटं कशाला बोलू. पर तुझी आठवनबी येती. लई येती."

"सायलीला सांगितलं?"

"न्हाई."

"हनुमानदादाला?"

"त्यालाबी न्हाई."

"म्हंजे घरात सगळं नीट ठिवून हिकडं आलात." रोहिणी उठली. "मला माफ करता येत न्हाई, मोठे आई. आज न्हाई येत. आधी घरी सांगा. माझ्यापाशी यायला बस लागती, घरात तर बस लागत न्हाई." आणि आत गेली. जाताना तिनं आम्हाला 'च्या घ्या' म्हटलं नाही. आमच्या भागात हे केवढं आहे ते वेगळं सांगायला नको.

परतीच्या बसमध्ये मावशी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "लहानपनापासून अशीच हाय. खरं बोलती." आणि त्यात मला थोडा अभिमानही ऐकू आला.

घरी त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. सायली पीठ मळत होती. ती ऐकून घेऊन मळतच राहिली. परात सरकून भिंतीला लागली तरी मळत राहिली. हनुमान मात्र बोलला. "माय, म्या म्हनलं व्हतं का तुला? लंगड्याचं लगीन व्हावं म्हनून तिला बुडीवलंस, आन् माझ्या नावावर टाकतीस?"

"तुझ्या नावावर न्हाई टाकत रे."

"मंग कुनाच्या?"

दोनच दिवसांनी सायली करुणाला घेऊन माहेरी गेली. परत येईन असं म्हणाली नाही. तानाजी तिथं नव्हता, तो कर्नाटकातच राहिला होता. पण आईबाप होते, आणि त्यांना विचारायचं तिच्याकडे बरंच असावं. मावशींच्या घरात त्या दिवसांत मी गेले की दोन माणसं दोन कोपऱ्यांत बसलेली दिसायची. मावशी मला म्हणाल्या, "बाई, देवानं पाप धुतलं का न्हाई ठावं न्हाई, घर तर पार धुतलं."

मला ह्यांचा राग येत होता, आणि रोहिणीचाही. बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "मावशी, गप्प राहिला असतात तर निदान करुणा तरी..."

"न्हाई बाई," त्यांनी मला थांबवलं. "तसं नका म्हनू. आता झोप लागती."

सायली नाताळच्या आधी परत आली. पिशवी खोलीत ठेवली आणि सासूला म्हणाली, "आत्या, मी हितं कशी आले ते मला कळलं. आता राहते, ते माझ्या मनानं राहते. साट्यात आलेली म्हनून न्हाई." मावशींनी मला हे सांगितलं तेव्हा वर जोडलं, "पोरगी लई मोठी झाली. आता माझ्याशी चहापुरतं बोलती. तेवढं बास हाय."

जानेवारीचा पहिला रविवार आला. शनिवारी मावशी भाकर करायला आल्या. मी मुद्दाम काही विचारलं नाही. रविवारी त्या नेहमीच्या जागी बसल्या, हनुमान पुरुषांत, सायली मागे. हे ताटली घेऊन एकेकापुढे येत होते. मावशींच्या पुढे आले आणि थांबले.

मावशींचे हात मांडीवरच होते. वर बघून हळूच म्हणाल्या, "साहेब, रोहिणीनं अजून माफ केलं न्हाई."

मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. हे वाकले. "मावशी, ही भाकर रोहिणी देत नाही."

"मला खात्री वाटंना."

"तुमच्या खात्रीवर ही मोडलेली नाही. ज्यानं मोडून दिली त्याला सगळं माहीत होतं, तिन्ही रविवार."

मागे कुणीतरी खाकरलं. ताटली एवढा वेळ एके जागी थांबत नाही. मावशींनी उजवा हात पुढे केला, परत मागे घेतला, पदराला पुसला, आणि पुन्हा पुढे केला. तुकडा घेतला. तोंडात ठेवून किती तरी वेळ चावलाच नाही, नुसता धरून ठेवला.

उपासना संपल्यावर सतरंजी झटकताना मी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"मीठ पाहिजे व्हतं," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "मला वाटलं व्हतं, कायतरी उजेड पडंल. तसं काय झालं न्हाई. निस्ती भूक व्हती, ती थोडी भागली. पर भ्या नव्हतं वाटत, बाई. इतकी वर्षं ताटली आली की काळजात धडधडायचं. आज भ्या नव्हतं." सतरंजीची घडी त्यांनी माझ्या हातात दिली. "रोहिणी पाहिजे व्हती शेजारी."

तेव्हापासून मावशी अधूनमधून गुरुवारी माजलगावला जातात. मला बोलावत नाहीत. वसतिगृहाच्या मागच्या अंगाला लिंबाखाली बसतात, तास-दीड तास. रोहिणी कधी दारात येऊन बघून जाते, कधी तेवढंही नाही. एकदा मावशींनी बोरं नेली, ती ओट्यावर ठेवून आल्या. पुढच्या खेपेला ओट्यावर बोरं नव्हती, पण कुणी खाल्ली ते कळलं नाही. हनुमान चिडतो. "कावून जातीस माय? ती बोलत तर न्हाई." सायली मात्र बसच्या वेळेआधी डबा भरून देते.

गेल्या गुरुवारी रात्र पडायच्या आत त्या परत आल्या आणि सरळ माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. चप्पलही काढली नाही.

"बोलली," म्हणाल्या.

"काय बोलली?"

"मी उठून निघाले तर खिडकीतून म्हनली, पुढच्या गुरुवारी मी हितं न्हाई. मुलींची सहल हाय. उगं खेटा घालू नका."

एवढंच. मी पुढचं ऐकायला थांबले, पण पुढे काही नव्हतं. मावशी मात्र लग्नाचं आवतण आल्यासारख्या बसल्या होत्या, पदर सारखा करत, रस्त्याकडे बघत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, त्याच्या पुढच्या गुरुवारी कोनता सण तर न्हाई ना? बसला लई गर्दी असती सणाला."